फसलेल्याला निष्काळजी म्हणण्याआधी

सॉफ्टवेअर अपडेटच्या खोट्या मेलला जो फसतो तो निष्काळजी असतो, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की त्याला पुरावा मागावा असं कुणाला वाटत नाही. कार्यालयांच्या परिपत्रकांत तो असतो, सायबर जागृतीच्या व्याख्यानांत असतो, आणि एखाद्या पतसंस्थेचा कारभार ठप्प झाला की गावात जी चर्चा होते तिच्यातही असतो. ‘मेल नीट वाचला असता तर कळलं असतं.’ ‘पाठवणाऱ्याचा पत्ता बघायला काय झालं होतं?’ ‘भाषेच्या एवढ्या चुका होत्या!’ हा समज चुकीचा आहे, आणि नुसता चुकीचा नाही, घातक आहे. त्याने फसवणूक कमी होत नाही. फसलेला माणूस गप्प बसतो, आणि ज्यांनी व्यवस्था लावायला हवी होती ते मोकळे राहतात.

ही युक्ती जुनी आहे. सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्वेन’ नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच पसरत जाणारा घातक प्रोग्राम, मेलमधून जगभर पसरला. त्याचा मेल मायक्रोसॉफ्टकडून आल्यासारखा दिसे. कंपनीच्या संकेतस्थळासारखी मांडणी, सुरक्षा अपडेटची माहिती आणि सोबत जोडलेली फाईल. ती चालवली की ‘अपडेट बसवायचं का?’ असं विचारणारी चौकट येई. ‘हो’ म्हटलं तर बसवण्याचा देखावा होई. ‘नाही’ म्हटलं तरी वर्म आत बसायचाच. शिवाय ज्या संगणकांवर मार्च २००१ चा खरा सुरक्षा पॅच बसवलेला नव्हता, तिथे फाईल उघडण्याचीही गरज पडत नसे. असा मेल बारकाईने वाचून वापरणाऱ्याला काय कळणार होतं? उपयोगी पडणारी गोष्ट एकच होती, आणि ती मेलच्या आत नव्हती: मायक्रोसॉफ्ट मेलला जोडून कधीही अपडेट पाठवत नाही. ज्याला हे ठाऊक होतं त्याला मेलचं शुद्धलेखन तपासायची गरज नव्हती. ज्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्याची नजर कितीही तीक्ष्ण असती तरी उपयोग नव्हता.

माझा सगळा आक्षेप इथेच आहे. गेली वीस वर्षं आपण लोकांना मेल पारखायला शिकवत आलो. अपडेट कोणत्या वाटेने येतं आणि कोणत्या वाटेने कधीच येत नाही, हे मात्र शिकवलं नाही.

पारख करण्याच्या ज्या खुणा सांगितल्या जातात त्या एकेक करून बघा. सगळ्यात लाडकी खूण भाषेच्या चुकांची. जुलै २०२१ मध्ये ‘कासेया’ या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून खंडणीखोरांनी जगभरातल्या शेकडो कंपन्यांचे संगणक कुलूपबंद केले. त्यानंतर चारच दिवसांत दुसऱ्या टोळीचे मेल फिरू लागले: मायक्रोसॉफ्टचं अपडेट लगेच बसवा, कासेयामधली त्रुटी त्याने दूर होते. सोबत ‘सिक्युरिटी अपडेट्स’ नावाची फाईल, आणि तिच्यातून संगणकाचा ताबा परक्याच्या हाती देणारं हत्यार. मेलची भाषा अगदी ओबडधोबड होती, एखाद्या सहकाऱ्याने घाईत खरडावं तशी. पण त्या आठवड्यात संगणक विभागातले लोक खरोखरच तसंच लिहीत होते. संकटाच्या वेळी घाईची भाषा खरी वाटते.

आपल्याकडे तर ही खूण उलटीच लागू पडते. बँका आणि सरकारी खाती मराठीत जे अस्सल संदेश पाठवतात त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, वाक्यं यंत्राने भाषांतरित केलेली असतात, निम्म्या वेळा क्रियापद भलत्याच लिंगात असतं. भामट्याला मात्र आता निर्दोष मराठी परिच्छेद लिहून देणारी साधनं फुकट मिळतात. चुका बघून निवाडा करायचा म्हटलं तर खरे संदेश बाद होतील आणि खोटे पास होतील. हा सल्ला देणाऱ्यांनी तो निदान मराठी वाचकांपुरता तरी मागे घ्यावा.

दुसरी खूण पाठवणाऱ्याच्या नावाची. मेल पोहोचवण्याची मूळ पद्धत १९८२ साली ठरली, आणि पाठवणारा जे नाव सांगतो ते खरं आहे की नाही हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. नंतर तपासणीचे थर चढवले गेले, पण ते मेल कोणत्या डोमेनवरून आला एवढंच बघतात. ठळक अक्षरांत दिसणारं नाव आजही कुणीही काहीही टाकू शकतं, आणि मोबाईलवर मेल वाचताना बहुतेकदा तेवढंच दिसतं. पूर्ण पत्ता उघडून बघितला तरी इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरं खेटून ठेवली की ‘एम’ वाटतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने सहा इंची पडद्यावर हा फरक टिपावा, ही अपेक्षा ठेवणाऱ्याने स्वतः ती करून बघावी.

तिसरी खूण ब्राउझरमधल्या कुलपाची. ‘कुलूप दिसलं की साईट सुरक्षित’ हे शाळकरी मुलांनाही पाठ होतं. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि समोरच्याच्या मधलं बोलणं तिसरा ऐकत नाही. समोरचा भामटा आहे की सज्जन, यावर त्याचं काहीच म्हणणं नसतं. भामट्यांच्या जवळपास सगळ्याच साईटवर आता ते असतं. म्हणूनच २०२३ मध्ये गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधून हे चिन्ह काढून टाकलं. आपल्या कितीतरी माहितीपत्रकांत ते अजून छापलेलं आहे.

चौथी खूण फाईलच्या नावाची, आणि इथे दोष थेट बनवणाऱ्याचा आहे. विंडोज मुळात फाईलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. ‘अपडेट.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाईल पडद्यावर ‘अपडेट.पीडीएफ’ एवढीच दिसते. मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ वर्मने याच सोयीचा फायदा घेतला होता. पंचवीस वर्षं झाली, ती सोय तशीच आहे. फाईल कोणत्या प्रकारची आहे ही महत्त्वाची खूण यंत्रानेच झाकून ठेवायची आणि मग ती बघितली नाही म्हणून माणसाला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

या सगळ्या खुणा निकामी करणारं एक प्रकरण युक्रेनमधलं आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सरकारी कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांना मेल आले. विषय होता ‘विंडोज अपडेट’. पाठवणाऱ्याच्या जागी त्याच कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्या खऱ्या माणसाचं आडनाव आणि आद्याक्षरं होती. ती वापरून आउटलुकवर नवे पत्ते उघडले होते. मजकूर युक्रेनियन भाषेत. हॅकरांच्या हल्ल्यापासून वाचण्यासाठी अपडेट कसं करायचं, याची चित्रांसह पायरी-पायरीने माहिती. जोडलेली फाईल नव्हतीच. कर्मचाऱ्याने स्वतःच कमांडची काळी खिडकी उघडून दिलेली ओळ चालवायची होती. ती चालवली की अपडेट होत असल्याचा देखावा सुरू होई, आणि मागे संगणकाची माहिती गोळा करून बाहेर धाडली जाई. युक्रेनच्या ‘सर्ट’ या सरकारी पथकाने हे काम रशियाच्या ‘एपीटी २८’ या गटाचं असल्याचं सांगितलं.

युद्ध चालू असलेल्या देशातला सरकारी कर्मचारी. त्याला त्याच्याच कार्यालयातल्या माणसाच्या नावाने, त्याच्याच भाषेत, हल्ल्यापासून वाचण्याची सूचना येते. ती तो पाळतो. याला निष्काळजी म्हणायचं? तो तर सांगितलेली काळजीच घेत होता. त्या पथकाने यावर काय सुचवलं तेही लक्षात घेण्यासारखं आहे: सामान्य वापरणाऱ्याला ‘पॉवरशेल’, म्हणजे अशा ओळी चालवणारं साधन, चालवता येणार नाही असे निर्बंध घाला. म्हणजे चुकीची ओळ चिकटवली तरी ती चालू नये, अशी तजवीज करा. ज्यांच्या दारात खरी आग लागली होती त्यांनी कर्मचाऱ्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. त्याच्या हाताखालचं यंत्र बदलायला सांगितलं.

आता आपल्याकडच्या एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात जुलै महिन्यात जाऊन बसा. विवरणपत्रं भरायची मुदत डोक्यावर. आयकर खात्याच्या युटिलिटीची नवी आवृत्ती निघते, आणि जुन्या आवृत्तीत तयार केलेली फाईल पोर्टल घेत नाही. डिजिटल सहीचा टोकन संगणकाला दिसत नाही म्हणून त्याचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं नवं रिलीज येतं. हे सगळं खरं आहे, रोजचं आहे, आणि यातलं कितीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘नवीन व्हर्जन आलं, ही लिंक’ अशा एका ओळीत फिरतं. अशा वेळी तिथल्या बी.कॉम. झालेल्या मुलीला ‘युटिलिटीची नवी आवृत्ती’ असा मेल आला तर तिने तो उघडणं हा तिच्या कामाचा भाग आहे. ती उघडते म्हणून पगार मिळतो. सेतू केंद्रावर बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलाचंही तेच. ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हे वाक्य दिवसभर लिंकवर क्लिक करणं हेच ज्याचं काम आहे त्याला सांगून काही होत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०२२ मध्येच उघडपणे म्हटलं की लोकांना वाईट लिंक टाळायला सांगणं कामी येत नाही. आपली परिपत्रकं त्याच वाक्यावर अजून अडकून आहेत.

यावर मला दोन उत्तरं ऐकू येतात. पहिलं असं की एवढी भानगड असेल तर अपडेट करूच नये. हे उत्तर संगणक जोडून देणारे कितीतरी लोक कृतीतून देतात. चोरीचं विंडोज टाकतात आणि ‘मशीन स्लो होतं’ म्हणून अपडेट बंद करून देतात. त्यांना १२ मे २०१७ ची आठवण करून द्यावी लागेल. त्या दिवशी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर वर्म पसरला, ब्रिटनमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. ज्या छिद्रातून तो आत शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने ते पडून होतं. खोट्या अपडेटचं खरं नुकसान हेही आहे: त्याच्या धाकाने माणूस खऱ्या अपडेटपासूनही दूर राहतो, आणि तिसऱ्याच कुणाला दार उघडं मिळतं.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. खरं अपडेटही घात करतं, मग वाटेला एवढं महत्त्व कशाला? उदाहरण आपल्या दाराशीच आहे. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ हा वर्म सुटला तो युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या कराच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अस्सल अपडेटमधून. कंपनीचा अपडेट देणारा सर्व्हरच हल्लेखोरांच्या हाती गेला होता. त्याचा फटका ‘मर्स्क’ या जहाज कंपनीला बसला, आणि तिच्यामार्फत आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. मर्स्कने आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण यातून निष्पन्न काय होतं? एम.ई.डॉक वापरणाऱ्या हिशोबनिसाने सगळं बरोबर केलं होतं. योग्य सॉफ्टवेअर, योग्य वाट, वेळेवर अपडेट. तरी तो बुडाला. म्हणजे शेवटच्या माणसाची दक्षता हाच बचाव मानणारी मांडणी इथेही कोसळते. आणि अशा घटना कितीही मोठ्या असल्या तरी मेलमधून आलेल्या नकली अपडेटच्या मानाने त्या विरळा आहेत. विरळा धोक्याच्या भीतीने रोजचा धोका पत्करायचं कारण नाही.

१९ जुलै २०२४ चा प्रसंग या दोन्ही उत्तरांच्या मधोमध उभा आहे. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. चूक होती, घातपात नव्हता. पण दुरुस्तीचं अपडेट म्हणून नकली फाईल लगेच फिरू लागल्या, आणि भारताच्या ‘सर्ट-इन’ या सरकारी पथकाने अशा मेलबद्दल इशारा दिला. खऱ्या संकटाच्या मागोमाग खोटं अपडेट येतं, हे कासेयाच्या वेळी दिसलं होतंच. बातमी जितकी मोठी, तितका तो मेल विश्वासार्ह.

मग करायचं काय, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर अवघड नाही. अपडेटची खबर मेलने आली, मेसेजने आली, वेबसाईटवर अचानक उसळलेल्या चौकटीने आली किंवा फोनवर कुणी सांगितली, तर तिची शहानिशा करत बसू नये. ती खरी आहे का, हा प्रश्नच सोडून द्यावा. मेल बंद करावा आणि स्वतः यंत्राकडे जावं. विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडून ‘विंडोज अपडेट’ बघावं, मॅकमध्ये सिस्टीम सेटिंग्जच्या ‘जनरल’मध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट’, फोनवर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर, ब्राउझरचं त्याच्याच मेनूत. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट त्या सॉफ्टवेअरच्या आतून. आयकराची युटिलिटी पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून. अपडेट खरोखर असेल तर तिथे दिसेलच. दिसलं नाही तर मेल कितीही देखणा असला तरी आपलं काही अडलेलं नाही. ही रीत भाषेवर, चष्म्याच्या नंबरवर, इंग्रजीच्या ज्ञानावर अवलंबून नाही. सत्तरीतल्या आजींनाही ती जमते. मोबाईलवरही तीच पुरते. जून २०२३ मध्ये मुंबई पोलिसांना ‘पिंक व्हॉट्सॲप’बद्दल सावध करावं लागलं. व्हॉट्सॲपला गुलाबी रंग आणि नव्या सोयी देणारं अपडेट म्हणून ती लिंक ओळखीच्याच माणसांकडून पुढे पाठवली जात होती. पाठवणारा ओळखीचा की अनोळखी, हा निकष तिथे संपला. प्ले स्टोअरमध्ये जाऊन बघणाऱ्याला मात्र काहीच झालं नसतं.

पण हेही एकट्या माणसावर सोडून चालणार नाही. रस्त्यावर लोंबकळणारी तार जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायचं प्रशिक्षण आपण पादचाऱ्यांना देत नाही. महावितरणला तार उचलायला लावतो. सॉफ्टवेअरमध्येही हे जमतं याचा दाखला आहे. वर्षानुवर्षं लोकांना सांगितलं जात होतं की मेलमधून आलेल्या वर्ड-एक्सेलच्या फाईलमधले मॅक्रो, म्हणजे आत दडलेल्या आज्ञा, चालू करू नका. लोक करतच राहिले. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली, आणि भामट्यांना ती वाट सोडून दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. हजारो व्याख्यानांनी जे झालं नाही ते एका बदलाने झालं. तसंच कार्यालयातल्या संगणकावर रोजच्या वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेलं खातं असावं, मंजूर सॉफ्टवेअरच चालावं, अपडेट मध्यवर्ती पद्धतीने आपोआप बसावं. संगणक विभागाने स्वतः कधीही मेलमधून लिंक किंवा फाईल पाठवून ‘हे टाकून घ्या’ असं सांगू नये. आज हेच विभाग सकाळी खरी लिंक पाठवतात आणि दुपारी ‘लिंकवर क्लिक करू नका’ असं परिपत्रक काढतात. कर्मचाऱ्याने यातलं कोणतं ऐकायचं?

‘निष्काळजी’ ठरण्याची आर्थिक किंमतही असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं होतं की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. म्हणून निष्काळजी कुणाला म्हणायचं हा चहापानाच्या गप्पांचा विषय राहत नाही. कुणाची आयुष्यभराची बचत परत मिळेल आणि कुणाची नाही, हे त्यावर ठरतं. आसाममधल्या एका ग्राहकाने भामट्याच्या सांगण्यावरून मोबाईलवर ॲप टाकलं आणि ९४ हजारांवर रुपये गेले. त्याने चोवीस तासांत तक्रार केली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी बँकेवर टाकली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ॲप टाकलं एवढ्यावरून माणूस दोषी ठरत नाही, हे न्यायालयाला मान्य झालं. आपल्या कार्यालयांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कधी होणार?

या प्रकरणात ग्राहकाला वाचवलं ते तातडीच्या तक्रारीने. आणि तातडीने सांगणं हेच आपण अवघड करून ठेवलं आहे. ज्या कार्यालयात फसलेल्याचं नाव सर्वांसमोर घेतलं जातं, पगारातून कापण्याची भाषा होते, तिथला कारकून फाईल उघडल्यावर काहीतरी बिनसल्याचं जाणवूनही ‘साहेबांना सांगू कसं’ या विचारात दिवस काढतो. तेवढ्या वेळात एका संगणकावरचा उपद्रव सर्व्हरपर्यंत पोहोचतो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत संस्थेने कळवायची असते. ज्या संस्थेतला माणूस भीतीने दोन दिवस तोंड उघडत नाही, ती संस्था हे ६ तास पाळणार कशी?

तेव्हा कार्यालयांनी आपली जुनी परिपत्रकं काढून टाकावीत आणि नवं लिहावं. त्यात असं लिहिलेलं असावं: या कार्यालयात कोणतंही अपडेट मेलने किंवा व्हॉट्सॲपने दिलं जाणार नाही, आमच्या नावाने आलं तरी ते खोटं समजा. चुकून काही उघडलं गेलं तर वायफाय बंद करा, नेटवर्कची केबल काढा, त्या यंत्रावर एकही पासवर्ड टाइप करू नका, मेल पुसू नका, आणि लगेच या माणसाला या क्रमांकावर फोन करा. तिथे खऱ्या माणसाचं नाव आणि दिवसरात्र उचलला जाणारा क्रमांक असावा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. पैशांचा व्यवहार झाला असेल तर बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. आणि शेवटी, अधिकाऱ्याच्या सहीनिशी: स्वतःहून कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.